‘कोणाचो रे तू?’ तेवढं विचारू नका

देवगडहून एका कलाकाराने प्रश्न पाठवलाय. ते मूळचे नेपाळचे. वडील हापूसच्या बागेत राखणीला आले आणि त्यांच्यामागून हे दहाव्या वर्षी. गावाकडचा मारुनी हा नाच करतात, मादल हा तिकडचा ढोल वाजवतात, अलीकडे एका दशावतारी कंपनीत झांजेला बसतात. गेल्या शिमग्यापासून संध्याकाळी पाच मुलं त्यांच्याकडे येऊ लागली आहेत. तिघांचे वडील तुरुंगात, एकाचा मोठा भाऊ तुरुंगात, आणि एकजण स्वतःच गुन्ह्याच्या चौकशीत मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहातून परत आलेला. त्यांचं विचारणं असं: या मुलांना कलेतून काही देता येईल का, त्यांच्याच आयुष्यावर नाटक बसवावं का, आणि ‘ह्यो भायलो माणूस पोरांक कित्याक जमवता’ अशी जी कुजबुज चालते तिचं काय करायचं?

मी २८ वर्षं दशावतारात काढली आणि त्यातली १७ वर्षं अशा मुलांबरोबरही. कुजबुजीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचं सगळ्यात मोठं भांडवल तिथेच आहे.

आपल्याकडे वाटेत पोर दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: “कोणाचो रे तू?” बापाचं नाव सांगितलं की वाडी कळते, घर कळतं, आजा कोण तेही कळतं. बहुतेक पोरांना या प्रश्नानंतर हातावर एखादा लाडू मिळतो. ज्याचा बाप ओरोसच्या किंवा सावंतवाडीच्या तुरुंगात आहे, त्याला हा प्रश्न कसा लागतो ते मी बघितलंय. तो मामाचं नाव सांगतो. नाहीतर चप्पल शोधायला लागतो. एक मुलगा तर एस.टी.त चढला की थेट मागच्या बाकावर जायचा, कारण कंडक्टर शेजारच्या वाडीतला होता आणि तिकीट फाडता फाडता हटकून विचारायचा, “बापूस कसो आसा?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसे, पण पोराला प्रत्येक थांब्यावर तेच.

तुम्हाला हा प्रश्न सुचणारच नाही, कारण इथली घरं-घराणी तुमच्या पाठ नाहीत. तुम्हाला स्वतःला इतकी वर्षं वेगळाच प्रश्न ऐकावा लागला असेल, “खयसून इलंस?” म्हणजे तुम्ही आणि ही मुलं, दोघांनाही गावाने पडवीतच बसवलंय, माजघरात कोणी बोलावलेलं नाही. पडवीत बसलेल्या माणसाशी पोरं बोलतात. माझ्याकडे यायला त्यांना दोन-दोन वर्षं लागली, कारण मी गावातलाच. माझ्या कानावर गेलं म्हणजे सगळीकडे गेलं, हे त्यांना ठाऊक.

आणि बाहेरचं म्हणाल, तर ज्या दशावताराचा आम्ही एवढा अभिमान मिरवतो तोही बाहेरूनच आला, असं आमच्याकडचेच जाणते सांगतात. १७२८ च्या सुमारास श्यामजी नाईक काळे यांनी कर्नाटकाकडून तो आणला, अशी परंपरेची गोष्ट आहे. अभ्यासक त्यावर भांडतात, भांडू देत. पण कुजबुज करणाऱ्याला हे एकदा ऐकवून बघा, गंमत येते.

आता शिकवायचं काय? आधी मादल शिकवा, मृदंग नको. मृदंग इथल्या प्रत्येक वाडीत कोणीतरी वाजवतो. त्यात कोणाचा तरी मुलगा आधीच तरबेज असतो, आणि पहिल्याच दिवशी पोरांची उतरंड लागते. मादल इथे कोणीच पाहिलेला नाही. सरपंचाचा नातू येऊन बसला तरी त्याचीही थाप आधी चुकणारच. तुमच्या या पाच मुलांना ‘सगळे शून्यावर’ असं ठिकाण गावात दुसरं नाही. शाळेतही नाही. पाचांतच थांबू नका हेही त्याबरोबर सांगतो. आणखी पाच-सात साधी मुलं घ्या. नाहीतर ‘कैद्यांच्या पोरांचा क्लास’ असं नाव पडायला आठवडा पुरतो, आणि एकदा पडलेलं नाव मग जात नाही.

नाटकाबद्दल माझं उत्तर सरळ आहे: त्यांच्या आयुष्यावर बसवू नका. हे मी तोंड पोळून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यक्रमासाठी मी अशाच मुलांकडून त्यांच्या घरच्या गोष्टी बोलून घेतल्या, त्या बांधल्या, संवाद लिहिले आणि ज्याची गोष्ट त्यालाच ती करायला लावली. पाहुण्यांचे डोळे ओले झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, मुलांच्या चेहऱ्यांसकट. मी खूश. पंधरा दिवसांनी त्यातला एकजण शाळेत जायचा बंद झाल्याचं कळलं. घरी गेलो, तर पडवीच्या खांबाला टेकून नखाने शेण उकरत बसलेला. वर न बघता म्हणाला, “सर, शाळेत सगळे माझे डायलॉग माकाच म्हणून दाखवतत.” संस्थेला मी दोष देत नाही. लिहिलं मी होतं, बसवलं मी होतं, आणि टाळ्याही मीच घेतल्या होत्या.

फोटोबद्दल कायदाही तुम्हाला माहीत असू दे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं) बालक, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक, पीडित किंवा साक्षीदार बालक यांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्यातल्या प्रत्येक मुलाला हे कलम तंतोतंत लागू होईलच असं नाही, पण तुम्ही नियम सगळ्यांना एकच ठेवा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसलासुद्धा तोच. फोटो काढायचाच झाला तर वाजवणाऱ्या हातांचा काढा. मादलावरचे हात दिसायलाही झकास दिसतात.

मग करायचं काय? सोंग द्या. दुसऱ्याचं सोंग. आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात हे तुम्ही आता जवळून बघताच. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याचं. हे या मुलांसाठी कसं कामाला येतं त्याचा एक प्रसंग सांगतो.

एका मुलाचा बाप चोरीच्या गुन्ह्यात आत होता. मुलगा १३ वर्षांचा. आम्ही मे महिन्यात मुलांचा छोटा आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा भाग, बसवत होतो. मी मनाशी ठरवलं, याला गणपती द्यावा, सोज्वळ काम, कोणी बोट दाखवणार नाही. तो ऐकेचना. “माका संकासूर होया.” आता संकासूर म्हणजे कोण? ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा. नखशिखांत काळा वेष, तोंडात मालवणी आणि विनोदाचा सगळा मक्ता त्याच्याकडे. लोक विष्णूला हात जोडतात, पण वाट बघतात ती संकासुराची. माझा जीव खालीवर होत होता. चोराच्या पोराला चोराचंच सोंग दिलं असं गाव म्हणणार. दोन दिवस मी टाळाटाळ केली, शेवटी दिलं.

प्रयोगात त्याने लोकांना हसवून हसवून आडवं केलं. मग विष्णू आला, वेद मागितले, मारायला हात उचलला. ठरल्याप्रमाणे संकासुराने मरायचं. हा मेलाच नाही. मागे सरकला, काखेतली पोथी पुढे केली आणि म्हणाला, “ह्ये घे तुझे वेद. पण माका मारू नको रे, घराक पोरां वाट बघतत.”

लोक आधी हसले, मग हसू मध्येच कुठेतरी तुटलं. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. विष्णू झालेला पोरगा गोंधळला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली: सोडून दे. त्या दिवशी आमच्या मांडावर संकासूर मेला नाही. एका म्हाताऱ्याने नंतर मला झापलं, शास्त्र मोडलं म्हणून. बरोबर होतं त्याचं. पण आधीच्या नाटकात मी त्या दुसऱ्या मुलाकडून पाऊण तास जे वदवून घेतलं होतं, ते याने एका वाक्यात, स्वतःच्या मर्जीने, काळ्या कपड्याआडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी चिडवलं नाही, कारण ते वाक्य संकासुराचं होतं. उलट त्याची नक्कल करायला सगळ्यांची झुंबड. तुमच्या मारुनीतही सोंगाड्या असतो ना? त्याला बाहेर काढा. अशा मुलांना राजापेक्षा तो लवकर जमतो.

सोंग द्याल तेव्हा रंग उतरवायलाही बसवा. हा भाग घाईत उरकू नका. आमच्याकडे ज्याचा त्याने रंग लावायचा, ट्रंकेवर बसून, डाव्या हातात आरसा. सफेदा, हिंगूळ, काजळ. पोरं लावताना जीव ओततात आणि उतरवताना शर्टाच्या बाहीने फासफूस करून पळतात. मी पळू देत नाही. खोबरेलाची वाटी मध्ये ठेवतो, जुन्या धोतराचे तुकडे देतो, आणि आरशात बघून कपाळापासून खाली, सावकाश. या दहा मिनिटांत मुलं जेवढं बोलतात तेवढं तालमीच्या महिन्यात बोलत नाहीत. तुम्ही काही विचारायचं नाही. वाटी पुढे सरकवायची.

घरच्या खोट्याबद्दल बोलतो, कारण तुम्ही त्यात सापडणार आहात. बाप आत गेला की पोराला सांगितलं जातं, बाबा गोव्याक कामाक गेलेत, बोटीर गेलेत, दुबयक गेलेत. पोर सात-आठ वर्षांचं असलं तरी त्याला बहुतेक वेळा खरं कळलेलं असतं. ते आईसाठी नाटक करतं, आई त्याच्यासाठी. तुम्ही मध्ये पडून ते मोडू नका. आईला एकटीला भेटा आणि एवढंच म्हणा की पोराने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, तेव्हा त्याने मला विचारायच्या आधी तुम्ही सांगा. बहुतेक आया सांगतात. एकीने मलाच येऊन बसायला सांगितलं होतं. मी बसलो, एक अक्षर बोललो नाही, तिने सगळं सांगितलं.

मुलासमोर ‘बाबांनी चूक केली’ असंही म्हणू नका आणि ‘बाबा निर्दोष आहेत’ असंही नको. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि बऱ्याचदा कोर्टाचंही अजून ठरलेलं नसतं. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत दर १०० माणसांमागे ७५ हून जास्त न्यायाधीन होती, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ती. ‘निकाल लागायचा आहे’ हे वाक्य खरं आहे आणि पोराला ते पेलतं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. कोठडीतल्या माणसाला, बाईला आणि मुलाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यापुढे कोर्टाच्या कामात तुम्ही पडू नका, वकिली हे आपलं काम नाही. शाळेचा, पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष गाठा, बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. कागदांच्या फेऱ्या फार आहेत, आईबरोबर एकदा तरी स्वतः जा. एकटी गेलेली बाई पहिल्याच टेबलावरून परत येते.

बाप सजा भोगतो आणि घरही भोगतं, हे कोकणाला नवीन नाही. रत्नागिरीला थिबा पॅलेस बघायला सहली जातात. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये तिथेच वारला. राजाबद्दल गाईड भरभरून बोलतात. चार मुली होत्या, धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली, आणि गुन्हा काय ते माहीत नसताना त्या कैदेतच वाढल्या. मी मुलांना एकदा तिथे नेलं होतं. राजाच्या मुलींच्या वाट्याला आलेल्या खिडक्या कुठल्या, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. चौकीदार वैतागला.

निरीक्षणगृहातून आलेला मुलगा जरा वेगळा. लोक अजून रिमांड होमच म्हणतात, तुम्ही म्हणू नका. त्याने काय केलं ते विचारू नका. त्याच कायद्यात नवी सुरुवात हे तत्त्व म्हणून लिहिलंय, जुनी नोंद त्याच्या आड येऊ नये असं. त्याची बाल न्याय मंडळापुढची तारीख मात्र माहीत करून घ्या आणि तालीम त्या दिवशी ठेवू नका. परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) जाऊन भेटा, तुम्ही कोण, काय शिकवता, सांगा. आपल्याबद्दल चांगलं सांगणारं माणूस फाईलमध्ये असलं की मुलाला बरं पडतं, आणि तुमच्यामागची कुजबुजही थोडी आवरते.

हा मुलगा तुम्हाला जोखून बघणार. माझ्याकडे एकदा झांजेच्या जोडीतली एक गेली. मी कोणाकडे बघितलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, “एका झांजेन आवाज येणा नाय रे.” तिसऱ्या दिवशी ती माझ्या तुळशीच्या वृंदावनावर ठेवलेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाच्या वेळी मोबाईल गेला. तो मात्र आजपर्यंत परत आलेला नाही. नवीन घेतला.

आपली गाठ खरी पडते ती पैशाशी. बांद्याच्या बाजूची पोरं गोव्याची दारू इकडे आणायच्या धंद्यात कशी ओढली जातात ते तुम्ही ऐकून असाल. मोटरसायकलची एक फेरी, हातात रोख. त्यावर ‘कला मोठी की पैसा’ असलं भाषण देऊ नका, पोरं आतल्या आत हसतात. गणपतीत कोणाच्या घरी कार्यक्रम केलात आणि मानधन मिळालं, तर मुलांसमोर मोजा आणि मुलांसमोर वाटा. ५० रुपये आले तरी ते हिशोबाने आलेले असतात, आणि ही मुलं हिशोब पक्का ठेवतात. पण कंपनीबरोबर रात्रभराच्या नाटकाला त्यांना नेऊ नका. पहाटे विंगेत झोपलेलं पोर सकाळी शाळेत जात नाही. आणि मंडळी नाटकानंतर काय घेतात तेही त्याला दिसतं.

आता तुमच्या बचावाच्या गोष्टी. तालीम घरात घेऊ नका. देवळाचा सभामंडप मागा, तीन बाजूंनी उघडा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा. दुसरं मोठं माणूस कायम हवं, शक्यतो कोणाची तरी आई. प्रत्येक पालकाची लेखी परवानगी घ्या. पोलीस पडताळणीचा दाखला स्वतःहून काढून ठेवा, तुमच्याकडे तो आज ना उद्या मागणारच. एखाद्या मुलाने त्याच्यावर कोणी वाईट हेतूने हात टाकल्याचं सांगितलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, ‘कोणाला सांगू नका’ असं मुलगा म्हणाला तरी. म्हणून ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कोणालाही, कधीही देऊ नका. रात्री-अपरात्री काही झालं तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

मुलाखतीचा दिवस ओळखायला शिका. तुरुंगात बापाला भेटून आलेलं पोर त्या दिवशी एकतर फार हसतं नाहीतर कोणाला तरी मारतं. दोन्हीला कारण विचारायचं नाही. माझ्याकडचा एकजण परत आला आणि आल्या आल्या मृदंगावर बसला, एकच ठेका, तासभर. मी समोर झांज घेऊन बसलो. मग म्हणाला, “बाबान विचारल्यान, काय शिकतस? माका सांगूक येयना. जाळीच्या पत्र्यार वाजवून दाखवलंय.” पहारेकऱ्याने एवढं चालू दिलं म्हणे. नंतरच्या भेटीला जायच्या आधी तो माझ्याकडून एक नवी तिहाई (तीनदा वाजवायचा बोल) पक्की करून घ्यायला लागला, म्हणजे बापाला दर वेळी काहीतरी नवीन. तुमची मुलं मादलाचं काय नेतील ते बघा. बोटांनी नेता येतं, झडतीत सापडत नाही.

शेवटी तुमच्या गावी जाण्याबद्दल. दसऱ्याला, म्हणजे तुमच्या दशैंला, महिनाभर नेपाळला जाता असं लिहिलंय. इतरांना ते किरकोळ वाटेल, या मुलांना नाही. त्यांच्या आयुष्यातली माणसं न सांगता गेलेली आहेत. पहाटे पोलीस आले आणि बाप गेला, असंच बहुतेकांनी बघितलंय. तेव्हा जायच्या दोन आठवडे आधी सांगा, भिंतीवरच्या कालनिर्णयवर जायचा दिवस आणि यायचा दिवस त्यांच्याच हाताने गोल करवून घ्या, मधल्या रविवारी तालीम कोण घेणार तेही ठरवा. आठवड्यातून एक फोन, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. मी एकदा मुंबईहून दोन दिवस उशिरा आलो, तर एका मुलाने ते पानच फाडून टाकलं होतं, नोव्हेंबरसकट. म्हणून यायची तारीख गोल करताना दोन दिवस पुढचीच धरा. कोकणकन्या कणकवलीला वेळेत पोचेलही, पण गोरखपूरहून सुटलेली गाडी मध्येच कुठे अडकून पडेल ते सांगता येत नाही.